युद्धकाळ व राज्यसत्ता : हैदराबाद संस्थान, १९३९–५२

युद्धाच्या काळात राज्यसंस्थेच्या अधिकारांचा विस्तार होतो आणि शासन व प्रजा ह्यांचे परस्परसंबंध बदलतात, हा इतिहासाचा सर्वसामान्य अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभापासून (१९३९) पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच्या (१९५२) काळात हैदराबाद संस्थानात ह्या प्रक्रियेचे जवळजवळ सर्व प्रकार एकापाठोपाठ एक आढळतात. युद्धनिमित्त केलेली धान्यवसुली, संरक्षण नियमांखालील अटकसत्र, निमलष्करी संघटनेच्या हाती गेलेली दंडशक्ती, लष्करी कारवाई, लष्करी प्रशासन आणि अखेरीस प्रौढ मताधिकार असे त्याचे टप्पे होत. पैनगंगेच्या काठी वसलेला किनवट तालुका ह्या काळात संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. नदीचा उत्तर तीर ब्रिटिश प्रशासनाखाली व पुढे भारतीय संघराज्यात आणि दक्षिण तीर निजामाच्या अंमलाखाली, अशी त्याची स्थिती असल्यामुळे दोन राज्यसत्तांमधील भेद तेथील रहिवाशांच्या रोजच्या अनुभवाचा भाग होता.

सर्वसाधारण स्वरूप : युद्धासाठी माणसे, पैसा, धान्य व वाहतुकीची साधने ह्यांची मोठ्या प्रमाणावर जुळवाजुळव करावी लागते. त्यासाठी शासन एरवी ज्या व्यवहारांत लक्ष घालीत नाही त्यांचे नियमन करू लागते. हे उपाय प्रथम तात्पुरते म्हणून योजले जातात. तथापि युद्ध संपल्यावर ते सर्वस्वी मागे घेतले जातातच असे नाही. इंग्लंडमध्ये प्राप्तिकर प्रथम १७९९ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या खर्चासाठी बसविण्यात आला. नंतर तो तेथील करपद्धतीचा स्थायी भाग झाला. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले शिधावाटप तेथे १९५४ पर्यंत चालू होते. ॲलन पीकॉक व जॅक वाइझमन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनच्या सार्वजनिक खर्चाचा अभ्यास करून १९६१ मध्ये असे दाखवून दिले, की मोठ्या युद्धानंतर शासकीय खर्च कमी होतो. परंतु तो युद्धपूर्व पातळीवर परत येत नाही.

ह्या प्रक्रियेला दुसरी बाजूही आहे. शासन लोकांकडून जे घेते, त्याच्या बदल्यात त्याला काही द्यावे लागते. ब्रिटनमध्ये युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, बेव्हरिज अहवालाने सामाजिक सुरक्षिततेची योजना मांडली. जेथे प्रातिनिधिक संस्था असतात, तेथे ह्या देवाणघेवाणीला संमतीचे अधिष्ठान मिळते. जेथे त्या नसतात, तेथे युद्धकालीन मागण्यांमुळे खुद्द राज्याच्या वैधतेचाच प्रश्न उपस्थित होतो. हैदराबादेत नेमके हेच घडले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हैदराबाद संस्थानची राज्यव्यवस्था मुळातच युद्ध व सैन्यखर्च ह्यांतून घडत गेली होती. खर्ड्याच्या लढाईत (१७९५) मराठ्यांकडून पराभव झाल्यानंतर निजामाने १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला व १८०० मध्ये त्या फौजेच्या खर्चासाठी दक्षिणेकडील प्रदेश कंपनीला तोडून दिला. पुढे हैदराबाद कंटिन्जंट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सैन्याचा खर्च थकत गेला. ह्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गचा प्रदेश कंपनीकडे सोपविण्यात आला. १८५७ च्या उठावातील साहाय्याबद्दल रायचूर व नळदुर्ग १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत आला नाही आणि १९०२ मध्ये तो कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला. पैनगंगा ही दोन राज्यांतील सीमा झाली ती ह्या सैन्यखर्चाच्या हिशेबातून. नदीच्या दोन्ही तीरांवरील लोकांची भाषा, नातीगोती व बाजारपेठा समान राहिल्या. जमीनमहसूल, नाणे, न्यायालयाची भाषा व जकात मात्र निराळी झाली.

वऱ्हाड गेल्यानंतर पहिले सालारजंग ह्यांनी (दिवाणपद १८५३–८३) महसूल वसुलीतील मक्तेदारी मोडून जिल्हाबंदीची पद्धत घातली व पगारी अधिकाऱ्यांची व्यवस्था उभारली. तरीही संस्थानचा सु. तीनपंचमांश प्रदेशच थेट शासनाच्या म्हणजे दिवाणी अंमलाखाली होता. उरलेला सर्फ-ए-खास (निजामाची खाजगी मालमत्ता), पायगा व जहागिरी ह्यांत विभागलेला होता. गावपातळीवर पाटील-पटवारी व देशमुख-देशपांडे ह्यांच्याद्वाराच राज्याचा प्रजेशी संबंध येई. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) ह्यांनी ब्रिटिशांना भरघोस आर्थिक साहाय्य केले व १९१८ मध्ये ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा खास किताब मिळविला. ह्या साहाय्यास प्रजेची संमती घेण्याचा प्रश्नच त्यावेळी उद्‌भवला नाही.

दुसरे महायुद्ध व संस्थानी शासन : युद्धाच्या सुरुवातीस संस्थानात लोकजागृतीची चळवळ नुकतीच आकार घेत होती. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. तीविरुद्ध झालेला सत्याग्रह, उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ व आर्य समाजाचा सत्याग्रह ह्यांमुळे १९३८–३९ ह्या वर्षांत हजारो लोक तुरुंगात गेले. सभा-संमेलनांना पूर्वपरवानगी आवश्यक ठरविणारे ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक आधीपासूनच लागू होते.

अरवमुदु अय्यंगार समितीच्या शिफारशींच्या आधारे जुलै १९३९ मध्ये शासनाने राजकीय सुधारणा जाहीर केल्या. त्यांत विधिमंडळाचा विस्तार होता. परंतु मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार राहणार नव्हते. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू होताच ह्या मर्यादित सुधारणाही लांबणीवर पडल्या व त्यांची अंमलबजावणी १९४६ पर्यंत झाली नाही. ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. कारण ज्या काळात शासनाने प्रजेकडून सर्वांत अधिक मागितले, त्याच काळात प्रजेला विचारण्याची व्यवस्था युद्धाच्याच नावाखाली स्थगित राहिली.

युद्धप्रयत्नांत संस्थानने उत्साहाने भाग घेतला. ब्रिटिश हवाई दलाची ११० व १५२ ही पथके हैदराबादच्या नावाने ओळखली जात आणि निजामाच्या देणगीवरून ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील एका विनाशिकेस ‘निझाम’ हे नाव मिळाले. संस्थानच्या पायदळाची एक पलटण डिसेंबर १९४१ मध्ये जपानी आक्रमणाच्या वेळी मलायातील कोटा बारू विमानतळाच्या रक्षणास होती. देशांतर्गत व्यवहारांसाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील भारत संरक्षण नियमांच्या धर्तीवर संरक्षण नियम जारी झाले. त्यांमुळे मुद्रणस्वातंत्र्य, सभा व राजकीय प्रचार ह्यांवर अधिक कडक बंधने आली. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी सहकाऱ्यांसह १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह केला व त्यांना कारावास घडला. शत्रूच्या हस्तकांसाठी योजलेली साधने अशा रीतीने नागरी हक्कांची मागणी करणाऱ्या प्रजाजनांविरुद्धही वापरली गेली.

धान्याची लेव्ही : युद्धाचा सर्वांत व्यापक परिणाम ग्रामीण भागात धान्यवसुलीच्या रूपाने जाणवला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळ बंद झाला. पाठोपाठ किंमती वाढल्या, साठेबाजी सुरू झाली आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. हैदराबाद संस्थानातही शहरांतील रहिवासी, सैन्य व कारखान्यांतील कामगार ह्यांच्यासाठी धान्य मिळविण्याकरिता शेतकऱ्यांवर सक्तीची लेव्ही बसविण्यात आली. ठरावीक प्रमाणात धान्य सरकारी दराने गोदामात भरणे प्रत्येक खातेदारास बंधनकारक झाले.

तत्त्वतः ही योजना समन्यायी होती. शहरातील गरिबांना परवडणाऱ्या दरात धान्य मिळावे, ह्यासाठी ग्रामीण भागातील शिलकी धान्य मिळविणे आवश्यकच होते. तथापि ज्या यंत्रणेमार्फत ती अंमलात यावयाची, ती समन्यायी नव्हती. पिकाचा अंदाज व जमिनीची नोंद पाटील-पटवाऱ्यांच्या हाती असे. मोठे जमीनदार, वतनदार व देशमुख ह्यांच्या नावावर कमी आकारणी होई आणि तिचा बोजा लहान शेतकऱ्यांवर पडे. सरकारी दर बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी असे. ज्यांच्या घरी शिलकी धान्य नव्हते, त्यांना प्रसंगी बाजारातून चढ्या भावाने धान्य विकत घेऊन लेव्ही भरावी लागे. तर चुकविलेले धान्य काळ्या बाजारात जाई. वेठबिगारीची प्रथा अद्याप सर्वत्र संपलेली नसल्याने वसुलीस आलेल्या अधिकाऱ्यांची सरबराई व गोदामापर्यंतची वाहतूकही बहुधा गावकऱ्यांवरच पडे.

लेव्हीमुळे राज्याची ओळख बदलली. पूर्वी शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे वर्षातून ठरावीक वेळी रोकड सारा मागणारी दूरची सत्ता होती. आता ते थेट खळ्यावर येऊन पोचले. कोणाच्या घरात किती धान्य असावे हे ठरविण्याचा अधिकार ते सांगू लागले. त्यामुळे ‘हे सरकार कोणाचे ?’ हा सुशिक्षितांच्या सभांमधील प्रश्न शेतकऱ्यांपर्यंत गेला. तेलंगणात १९४६ पासून सुरू झालेल्या सशस्त्र शेतकरी लढ्यामागे वेठ व जमीनदारीबरोबर लेव्हीची सक्ती हे एक प्रमुख कारण होते. मराठवाड्यात १९४७–४८ च्या आंदोलनात करोडगिरीचे (जकातीचे) नाके मोडणे, शिंदीची झाडे तोडणे व लेव्हीच्या वसुलीस विरोध करणे हे कार्यक्रम हाती घेतले गेले, त्याचेही कारण हेच. ही तिन्ही राज्याच्या उत्पन्नाची साधने होती व गावकऱ्यांना त्यांचा रोज अनुभव येत होता.

वनप्रदेश व आदिवासी : किनवट, बोथ, उटनूर, राजुरा व आसिफाबाद ह्या आदिलाबाद जिल्ह्यातील वनप्रदेशात राज्यसत्तेचा विस्तार वेगळ्या प्रकारे झाला. येथील गोंड, कोलाम, परधान इ. जमातींचा शासनाशी संबंध प्रामुख्याने वनखात्याद्वारे येई. राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्यावर पूर्वापार कसलेल्या जमिनी अनेकांच्या हातून गेल्या. ज्या उरल्या त्यांची नोंद नसल्याने बाहेरून आलेल्या सावकार व शेतकऱ्यांच्या नावे त्यांचे पट्टे झाले. आसिफाबाद भागात कुमरम भीम ह्या गोंड पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली जमीन व जंगल ह्यांवरील हक्कांसाठी प्रतिकार उभा राहिला. १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे अनेक साथीदार ठार झाले.

ह्या उठावाने शासनास आदिवासींच्या प्रश्नाची दखल घेणे भाग पाडले. ख्रिस्तोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानात होते. तांत्रिक दृष्ट्या ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले; परंतु हैदराबाद शासनाने त्यांना संस्थानात राहून संशोधन करण्याची मुभा दिली. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करून त्यांच्या जमिनीच्या प्रश्नाविषयी शासनास अहवाल सादर केले. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. गोंडी भाषेतील प्राथमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली; कारण ह्या भागातील साक्षर गोंडांना मराठीची ओळख होती. ह्या कार्यात सहभागी असलेल्या अधिकाऱ्यांपैकी निलंगा (लातूर जिल्हा) येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी पुढे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आले. आदिवासी शेतकऱ्यांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम हाती घेण्यात आले व १३५६ फसलीमध्ये (१९४६) आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम संमत झाला.

युद्धकालीन शासनाच्या ह्या दोन कृतींतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या शासनाने मैदानी भागात धान्य सक्तीने नेले, त्याच शासनाने वनप्रदेशात काही कुटुंबांना प्रथमच जमिनीचा कागद दिला. परंतु दोन्ही ठिकाणी निर्णय वरून आला. पट्टा हा हक्क म्हणून मान्य न होता अधिकाऱ्याच्या सद्‌भावनेचे फळ म्हणून मिळाला. त्यामुळे तो अधिकारी बदलून गेल्यावर वा कारकुनी नोंद फिरल्यावर त्याच्या रक्षणाची हमी नव्हती.

रझाकार व सीमाभागातील लढा : युद्धसमाप्तीनंतर जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. लांबणीवर पडलेल्या सुधारणा आता अंमलात आल्या. पण त्या अपुऱ्या म्हणून स्टेट काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार घातला. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोली भागातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे ह्यांची हत्या झाली. जून १९४७ मध्ये निजामाने ब्रिटिश गेल्यानंतर आपण सार्वभौम होणार असल्याचे घोषित केले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीसाठी आंदोलन सुरू केले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद ह्यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला; परंतु त्याने प्रश्न सुटला नाही.

ह्या काळात संस्थानात अघोषित युद्धाची स्थिती निर्माण झाली. लायक अली मंत्रिमंडळाने भारतीय चलनावर व मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आणि सिडनी कॉटन ह्या वैमानिकामार्फत विमानांतून शस्त्रे आणविली. भारताच्या बाजूने झालेल्या आर्थिक कोंडीमुळे संस्थानात पेट्रोल, औषधे इ. वस्तूंची टंचाई झाली. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ह्या पक्षाची रझाकार ही स्वयंसेवक संघटना लातूरचे वकील कासीम रझवी ह्यांच्या नेतृत्वाखाली वाढली व पोलिसांच्या बरोबरीने, अनेकदा त्यांच्या साहाय्याने, गावांवर हल्ले करू लागली. बळाचा वापर करण्याचा अनन्य अधिकार हे राज्यसंस्थेचे प्रमुख लक्षण मानले जाते. हा अधिकार पक्षीय संघटनेस वापरू देऊन संस्थानी शासनाने आपले राज्यपणच गमावले, असे म्हणता येईल. रझाकारांना विरोध करणाऱ्या मुसलमानांनाही अभय नव्हते. इमरोज दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान ह्यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली.

सीमाभागात राज्यसत्तेचा हा ऱ्हास अधिक स्पष्टपणे दिसला. स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीने दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ इत्यादींच्या नेतृत्वाखाली संस्थानच्या सीमेबाहेर सशस्त्र केंद्रे उभारली. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड येथील केंद्र त्यांपैकी एक होते. पैनगंगेपलीकडील हदगाव-किनवट भागाच्या दृष्टीने ते सर्वांत जवळचे होय. नाके, चौक्या व रझाकारांची ठाणी ही ह्या केंद्रांची लक्ष्ये होती; ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी (नांदेड जिल्हा) येथील बँकेवर छापा घालून लढ्यासाठी निधी मिळविण्यात आला. रझाकारांच्या भीतीने सीमाभागातील अनेक कुटुंबे नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. ज्या सीमेचा जन्म सैन्याच्या थकबाकीतून झाला होता, तीच आता आश्रयाची रेषा ठरली.

गावकऱ्यांची परिस्थिती मात्र अतिशय अवघड होती. दिवसा संस्थानच्या पोलिसांस सारा व लेव्ही द्यावी आणि रात्री आंदोलकांस भाकरी व आसरा द्यावा, असे दोन सत्तांचे एकाच वेळी पालन अनेक गावांना करावे लागले. दोहोंपैकी कोणत्याही बाजूला दिलेले साहाय्य दुसरीच्या दृष्टीने अपराध होता. ह्याच दशकात सातारा जिल्ह्यात नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने (१९४३–४६) न्यायदान व गावव्यवस्थेची पर्यायी रचना उभी केली होती. हैदराबादच्या सीमाभागात अशा स्थिर रचनेस अवसर मिळाला नाही. पण सत्ता ही राजाकडूनच आली पाहिजे असे नाही, ही जाणीव दोन्ही ठिकाणी सारखीच होती.

पोलीस कारवाई व लष्करी प्रशासन : १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. सोलापूर व विजयवाडा ह्या बाजूंनी मुख्य चढाई झाली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली व दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांनी लष्करी प्रशासक म्हणून सूत्रे हाती घेतली. लष्करी कारवाई असूनही तिला पोलीस कारवाई हे नाव देण्यात आले, ह्याला राजकीय अर्थ होता. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली होती. हा दोन राष्ट्रांमधील संघर्ष नसून देशांतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, ही भारताची भूमिका त्या नावातून व्यक्त झाली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

रझाकारांचा बीमोड झाल्याने बहुसंख्य प्रजेला सुटकेचा अनुभव आला. परंतु जुनी सत्ता कोसळणे व नवी सत्ता गावोगाव प्रस्थापित होणे ह्यांच्या दरम्यानच्या काळात मुसलमान समाजाविरुद्ध मोठ्या प्रमाणावर सूडाचा हिंसाचार झाला. पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार इत्यादींच्या सद्‌भावना मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये सोळापैकी नऊ जिल्ह्यांत दौरा केला. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा त्याचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पीडित असल्याचे त्याने नमूद केले. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत व हत्यांत सामील असल्याचे त्याच्या निदर्शनास आले. त्याचबरोबर हिंदू रहिवाशांनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविल्याची उदाहरणेही त्याने दिली. शासनाने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्यातील मजकूर अनेक वर्षांनंतर प्रकाशात आला. मृतांच्या संख्येविषयी मतभेद आहेत. तथापि संरक्षण हा राज्याचा आद्य धर्म मानल्यास, रझाकारांच्या काळी हिंदू प्रजेला आणि सत्तांतराच्या काळी मुसलमान प्रजेला तो मिळू शकला नाही, हे ह्या दोन वर्षांच्या इतिहासाचे समान सूत्र होय. पहिल्या घटनेचे स्मरण सार्वजनिक रीत्या जपले गेले. दुसरीविषयी दीर्घकाळ मौन राहिले.

लष्करी प्रशासनाची कारकीर्द डिसेंबर १९४९ पर्यंत चालली. द. शं. बखले हे मुलकी कारभाराचे प्रमुख होते. लोकनियुक्त विधिमंडळ नसताना ह्या अल्प काळात दूरगामी सुधारणा विनियमांद्वारे करण्यात आल्या. सर्फ-ए-खास १९४९ च्या प्रारंभी दिवाणीत विलीन झाली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी नष्ट झाल्या. त्यामुळे राज्यातील सर्व जमीन प्रथमच एका महसूलव्यवस्थेखाली आली. १९५० मध्ये कुळकायदा झाला. जे शेकडो सभांना साध्य झाले नसते ते एका अधिसूचनेने झाले. त्याच वेळी तेलंगणातील शेतकरी लढा मोडण्यासाठी सैन्य व प्रतिबंधक स्थानबद्धता ह्यांचा वापर १९५१ पर्यंत चालू राहिला. मुंबई, मद्रास व मध्य प्रांतातून आणलेल्या अधिकाऱ्यांमुळे कारभाराची भाषा व रीत बदलली. स्थानिक लोकांना नोकऱ्यांत डावलले जाते, ह्या भावनेतून १९५२ मध्ये मुलकी आंदोलन उद्‌भवले.

प्रजेपासून नागरिकांपर्यंत : नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताचे संविधान हैदराबादला लागू होण्यास मान्यता दिली. २६ जानेवारी १९५० रोजी संस्थानच्या प्रजेचे भारतीय नागरिकांत रूपांतर झाले. निजाम राजप्रमुख झाले व वेल्लोडी ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या १७५ सदस्यांच्या विधानसभेस जबाबदार असलेले बी. रामकृष्णराव मंत्रिमंडळ मार्च १९५२ मध्ये स्थापन झाले. १९३९ मध्ये लांबणीवर पडलेला प्रातिनिधिक शासनाचा प्रश्न तेरा वर्षांनी निकालात निघाला. दरम्यान १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने किनवट तालुक्यातील आदिवासी गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश झाला व पूर्वी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या संरक्षणास संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचा आधार मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या वेळी किनवट व राजुरा नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आले; राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. पैनगंगा ही राज्यांची सीमा न राहता ह्या भागात नांदेड व यवतमाळ ह्या एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांची सीमा झाली.

उत्तरकालीन परिणाम : युद्धकाळात निर्माण झालेली साधने मात्र टिकून राहिली. धान्यवसुली व शिधावाटप ह्यांसाठीचे अधिकार १९४६ च्या तात्पुरत्या कायद्यातून १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात आले. रास्त भावाच्या दुकानांची व्यवस्था त्याच परंपरेतील आहे. लेव्ही हा शब्द ग्रामीण मराठीत रूढ झाला. प्रतिबंधक स्थानबद्धतेला संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच स्थान मिळाले. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याची पुनरावृत्ती चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये व बांगला देश युद्धाच्या वेळी १९७१ मध्ये झाली. १९६२ ची आणीबाणी युद्ध एका महिन्यात थांबले तरी जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. १९७१ ची आणीबाणी उठण्यापूर्वीच जून १९७५ मध्ये अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली व दोन्ही मार्च १९७७ मध्ये संपुष्टात आल्या. ह्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ ह्या शब्दप्रयोगाऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातले आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क (अनुच्छेद २१) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

मूल्यमापन : युद्धकाळात राज्यसत्ता वाढते, हे हैदराबादच्या उदाहरणावरून स्पष्ट होते, परंतु ती सर्व ठिकाणी बळकट होतेच असे नाही, हेही त्यावरून दिसते. संमतीवाचून मागण्या वाढविणारी संस्थानी सत्ता अधिक पसरली व त्याच प्रमाणात पोकळ झाली. तिच्या जागी आलेल्या लष्करी प्रशासनाने वेगाने सुधारणा केल्या. पण त्या टिकल्या त्या पुढे निवडून आलेल्या शासनाने त्यांना दिलेल्या मान्यतेमुळे. किनवटसारख्या सीमेवरील तालुक्यात एका पिढीने सारा मागणारे, धान्य नेणारे, जंगलाची हद्द आखणारे, गावे जाळू देणारे, बंदुकीने शांतता आणणारे आणि अखेरीस मत मागणारे अशी सरकारची सर्व रूपे अनुभवली. ह्यांपैकी शेवटच्या रूपातच सरकार प्रथम लोकांच्या दारी याचक म्हणून आले, आणि प्रजा व शासन ह्यांच्या संबंधांतील खरे स्थित्यंतर तेथूनच सुरू होते.